फोंड्यातला जिओफिजिक्स सॉफ्टवेअरचा रविवारचा क्लास: पूर्ण करून आलोय, सविस्तर लिहितो

बऱ्याच जणांनी विचारलं की तो फोंड्याचा क्लास कसा आहे, पैसे वसूल होतात का, तिथं नेमकं काय शिकवतात, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. नवीन असाल तर, जिओफिजिक्स म्हणजे न खणता, मशीनच्या रिडींगवरून जमिनीखाली काय आहे ते ओळखणं. क्लासचं नाव टाकत नाहीये. सर निवृत्त आहेत, घराच्या वरच्या मजल्यावर फक्त बारा जणांची बॅच घेतात आणि त्यांनीच सांगितलंय की जाहिरात नको, ज्याला गरज आहे तो विचारत विचारत येतो. फोंड्यात या लाईनमधल्या कुणालाही विचारा, कळेल.

आधी माझं थोडं सांगतो म्हणजे कुठून बोलतोय ते लक्षात येईल. मी जिऑलॉजीवाला, डिचोली तालुक्यात खाणीवर होतो, बेंचवर उतरून सॅम्पल काढणं, कोअर लॉग करणं, टिप्पर भरायच्या आधी ग्रेड बघणं हे काम. ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, १६ मार्चपासून खाणी थांबल्या आणि आमच्यासारखे किती जण घरी बसले ते गोव्यात वेगळं सांगायला नको. मग मी बोरवेलच्या जागा बघणं, बिल्डिंगच्या पायासाठी सर्व्हे असली कामं धरली. मशीन भाड्यानं आणायचं, रिडींग घ्यायची, फाईल बाहेरगावी एका प्रोसेसिंगवाल्याकडे पाठवायची, चार दिवसांनी रंगीत पीडीएफ यायची ती क्लायंटच्या हातात द्यायची. चार वर्षं असंच चाललं. मग वाळपईच्या बाजूला एका कुळागराचे (सुपारी-नारळाच्या बागेचे) मालक, साठीच्या पुढचे काका, त्यांनी त्या पीडीएफवर बोट ठेवून मला विचारलं, "हे निळं इथंच का आलं, तिकडे का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. काहीतरी बोललो, त्यांनी विश्वास ठेवला, बोअर मारली आणि ती कोरडी गेली. त्यांचे पैसे गेलेच, पण मला त्यांच्या अंगणात परत जायला तोंड राहिलं नाही. तेव्हाच ठरवलं की आता डेटा स्वतः प्रोसेस करायला शिकल्याशिवाय कुणाची जागा बघायची नाही.

तर क्लास. सहा रविवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ५, फी १८ हजार, त्यात दुपारचं जेवण. जेवण सरांच्या घरच्या काकी करतात आणि रविवार असल्यामुळे शीत-हुमण असतंच, शाकाहारी असाल तर आधी सांगा. बॅचमध्ये माझ्यासकट दोघं खाणीवाले, एक बोरवेल कंत्राटदार, गोवा युनिव्हर्सिटीतून एमएस्सी करणाऱ्या दोन मुली, एक मुलगा रेडीहून यायचा, पहाटे उठून दोन बस बदलून, आणि बाकीचे सिव्हिलवाले. सरांनी आयुष्यभर मॅग्नेटिक आणि ग्रॅव्हिटीचे सर्व्हे (खालच्या खडकांमुळे चुंबकीय क्षेत्रात आणि गुरुत्वात पडणारा फरक मोजायचे) केलेत, राजस्थानपासून झारखंडपर्यंत. शिकवतात मराठीत, मध्ये मध्ये कोंकणी, आणि सॉफ्टवेअरचे शब्द इंग्रजीच.

पहिल्या रविवारी कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. प्रत्येकाला मॅग्नेटिक सर्व्हेतल्या एका लाईनच्या, म्हणजे सरळ रेषेत चालत घेतलेल्या, कच्च्या रिडींगचा कागद दिला, ग्राफ पेपर दिला आणि सांगितलं पेन्सिलीनं प्रोफाईल काढा. १०१ रिडींग, सगळ्या ४२ हजार नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्राचं माप) आसपास कारण गोव्यात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच साधारण तेवढं आहे, आणि आपल्याला हवा असलेला फरक त्यातला शे-दोनशेचा. काही जण वैतागले, अठरा हजार भरून ग्राफ पेपर काय काढायचा म्हणून, एक जण तर दुपारी बोललाही. मला मात्र वाटतं अख्ख्या कोर्समधला सगळ्यात मोलाचा दिवस तोच होता. हाताने बिंदू टाकताना माझ्या लाईनवर एका जागी रिडींग एकदम सहाशेने उडी मारून परत खाली आलं. मी म्हटलं सर इथं काहीतरी आहे. सरांनी फील्ड डायरीची झेरॉक्स पुढे केली, त्यात त्या स्टेशनसमोर लिहिलेलं, 'जीआय पाईपचं कुंपण'. दुसऱ्या एकीच्या लाईनवर असेच चार-पाच स्पाईक, आणि डायरीत काहीच नाही. मग सरांनी सांगितलं की त्या दिवशी झुडपं तोडून वाट करायला जो माणूस पुढे होता त्याच्या कमरेला कोयता होता, आणि जिथं जिथं तो मशीनजवळ थांबला तिथं तिथं तो कोयता डेटात उतरला. हे कुठल्याही मेनूत सापडणार नाही. नंतर सॉफ्टवेअरमध्ये स्पाईक काढायचा फिल्टर एका क्लिकवर आहे हे दाखवलं, पण तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की क्लिक करायच्या आधी हा स्पाईक कुंपणाचा, कोयत्याचा का जमिनीचा हे विचारायचं असतं.

प्रॅक्टिसचा डेटा सरांचा स्वतःचा आहे, सांगे तालुक्यातल्या एका सड्यावर ओळखीच्या माणसाच्या जमिनीत शिकवण्यासाठीच घेतलेला. २१ लाईनी, ५० मीटरच्या अंतराने, प्रत्येक लाईन एक किलोमीटर, दर १० मीटरला रिडींग, शिवाय तीन टाय लाईन आडव्या, सगळ्या लाईनी एकमेकींशी ताडून बघायला. लाईनी ईशान्य-नैर्ऋत्य टाकल्यात कारण आपल्याकडच्या खडकांच्या पट्ट्या वायव्य-आग्नेय जातात आणि त्या आडव्या छेदायला हव्यात. सहाही रविवार हाच डेटा. पुन्हा पुन्हा तोच. कच्च्या फाईलपासून शेवटच्या नकाशापर्यंत आम्ही तो तीनदा केला, पहिल्यांदा सरांबरोबर, दुसऱ्यांदा जोडीनं, तिसऱ्यांदा एकट्यानं आणि नोट्स बंद. बाहेर जे दोन-तीन दिवसांचे वर्कशॉप असतात त्यात दर तासाला नवीन मेनू दाखवतात आणि घरी आल्यावर एकही फाईल उघडता येत नाही, मी असं एक करून बसलोय. इथं मेनू कमी बघितले पण जे बघितले ते हातात बसले.

सॉफ्टवेअर मुख्यतः ओॲसिस मोंटाज. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे टोरांटोच्या जिओसॉफ्ट कंपनीचं, २०१८ मध्ये ती कंपनी सीक्वेंटने घेतली आणि २०२१ मध्ये सीक्वेंटला बेंटलीने घेतलं, त्यामुळे जुन्या लोकांच्या तोंडी अजून जिओसॉफ्टच आहे, गोंधळू नका, तेच ते. खनिज शोधणाऱ्या बऱ्याच कंपन्या जगभर हे वापरतात. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे टेबल, प्रोफाईल आणि नकाशा एकमेकांना बांधलेले आहेत, प्रोफाईलवरच्या स्पाईकवर कर्सर नेला की टेबलात ती रिडींग आणि नकाशावर ती जागा लगेच दिसते. खाणीवर आम्ही हे काम एक्सेल आणि छापील नकाशा समोरासमोर ठेवून करायचो, त्याला अर्धा दिवस जायचा. दुसरं म्हणजे प्रत्येक पायरीला नवीन कॉलम करायचा, मूळ कॉलमला हात लावायचा नाही ही शिस्त. सर याबद्दल फार कडक, कुणी मूळ रिडींगवरच फिल्टर चालवला तर फाईल बंद करून पहिल्यापासून करायला लावायचे. तिसऱ्या रविवारी मला दोनदा करायला लागलं.

आता डायअर्नल करेक्शनची गोष्ट सांगतो कारण त्यात मी अख्खी दुपार घालवली आणि त्याच दुपारी सगळ्यात जास्त शिकलो. दिवसभरात पृथ्वीचं क्षेत्र स्वतःच वरखाली होतं, सूर्यामुळे वरच्या वातावरणात विजेचे प्रवाह चालतात त्याने, आणि आपल्या भागात सकाळ ते दुपार तीस-चाळीस नॅनोटेस्लांचा फरक सहज पडतो. म्हणून एक मशीन बेस स्टेशनवर एका जागी ठेवतात आणि त्याचा चढउतार फिरत्या मशीनच्या रिडींगमधून वजा करतात. मी वजा केलं, ग्रिड केलं (रिडींगांमधली जागा भरून सलग नकाशा केला) तर नकाशावर लाईनीलाईनीने पट्टे, जणू कुणी फणी फिरवलीय. मला वाटलं लेव्हलिंग, म्हणजे सगळ्या लाईनी एका पातळीवर आणणं, राहिलं असेल म्हणून टाय लाईनने लेव्हल केलं, पट्टे कमी झाले पण गेले नाहीत. मग मायक्रोलेव्हलिंग (उरलेले पट्टे फिल्टरने काढणं) करायला गेलो, तेवढ्यात सर मागे येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "अरे, घासून पुसून काढू नको, आलं कुठून ते बघ." तासाभराने सापडलं. बेसचं घड्याळ जीएमटीवर होतं आणि फिरत्या मशीनचं आपल्या वेळेवर, म्हणजे मी सकाळच्या रिडींगमधून साडेपाच तासांनंतरचा चढउतार वजा करत होतो. एक कॉलम दुरुस्त केला आणि पट्टे गेले, कुठलाही फिल्टर न लावता. सरांनी ही चूक फाईलमध्ये मुद्दाम ठेवली होती आणि कुणालाच आधी सांगितली नव्हती. मायक्रोलेव्हलिंग केलं असतं तरी नकाशा गुळगुळीत दिसला असता, क्लायंट खूश झाला असता, आणि लाईनींच्या दिशेने जाणारी खरी एखादी भेगही त्याबरोबर पुसली गेली असती.

त्या दिवशी चहाला सरांनी अलिबागच्या वेधशाळेची हकीकत सांगितली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे लक्षात आलं, म्हणून वेधशाळा अलिबागला हलवली आणि तिथं १९०४ पासून नोंदी चालू आहेत. शंभर वर्षांपूर्वी लोकांनी एका ट्रामच्या तारेसाठी अख्खी वेधशाळा हलवली आणि आपण टिप्परच्या शेजारी उभं राहून रिडींग घेतो, असं सर म्हणाले तेव्हा आम्ही खाणीवाले दोघंही गप्प.

ग्रिडिंगला फार वेळ लागत नाही, ५० मीटरच्या लाईनींना साधारण चौथा हिस्सा म्हणजे १२.५ मीटरचा सेल (नकाशाचा एक चौकोन) घ्यायचा आणि मिनिमम कर्व्हेचर ही जागा भरायची पद्धत चालवायची. सेल फार बारीक केला तर लाईनींवर माळेतल्या मण्यांसारखे गोळे गोळे दिसतात आणि नवखा माणूस त्यातला प्रत्येक गोळा खनिज समजतो. पण रंगांवर सरांनी दोन तास घेतले आणि ते हवेच होते. सॉफ्टवेअर आपणहून रंग असे वाटतं की प्रत्येक रंगाच्या वाट्याला सारखंच क्षेत्रफळ येईल. म्हणजे जमिनीत काहीही नसलं, सगळा फरक दहा-वीस नॅनोटेस्लाचा असला, तरी नकाशाचा काही भाग लालभडक होणारच. तेच शे-दोनशेच्या ठरलेल्या लिनियर स्केलवर टाकलं की अख्खा नकाशा एकाच हिरव्या रंगाचा. सरांनी दोन्ही छापून शेजारी लावले आणि विचारलं, यातला कुठला क्लायंटला द्याल? रेडीचा मुलगा म्हणाला दोन्ही, आणि खाली रंगपट्टीवर आकडे मोठ्या अक्षरात. सरांना ते उत्तर आवडलं. मला चार वर्षांतल्या माझ्या सगळ्या पीडीएफ आठवल्या, एकीवरही रंगपट्टीचे आकडे मी कधी वाचले नव्हते.

चौथा रविवार हा या क्लासला जाण्याचं खरं कारण आहे असं मी म्हणेन. सॉफ्टवेअरबरोबर येणारी ट्युटोरियल, नेटवरचे व्हिडिओ, बहुतेक सगळं कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या डेटावर आहे. कॅनडात क्षेत्र जवळजवळ उभं जमिनीत शिरतं, त्यामुळे चुंबकीय खडकाच्या डोक्यावरच हाय (जास्त रिडींगचा भाग) दिसतो, सरळ हिशोब. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ, गोव्यात क्षेत्राचा जमिनीशी कल वीस अंशांच्या आसपास. सरांनी आम्हाला मॉडेलिंगमध्ये एक चुंबकीय गोल पुरायला लावला, जागा आणि खोली आपणच ठरवलेली, आणि कल आधी ७५ अंश टाकला, हाय बरोब्बर डोक्यावर. मग २० टाकला. गोल तिथंच, पण त्याच्या नेमकं डोक्यावर आता मायनस, आणि हाय सरकून दक्षिणेला गेलेला. वर्गात एकदम शांतता. कारण आदल्या रविवारी सांग्याच्या नकाशावर आम्ही बाराच्या बारा जणांनी ड्रिलिंगची खूण लाल हायवर केली होती.

मग याला उपाय म्हणून रिडक्शन टू पोल असतं, म्हणजे गणिताने क्षेत्र उभं करून बघायचं, पण कमी कलाच्या जागी ते नुसतं चालवलं की उत्तर-दक्षिण रेघा उमटतात, नॉईज फुगतो. त्याला आवर घालायला एक वेगळा अँप्लिट्यूडचा कल द्यावा लागतो, तो किती द्यायचा हे तीन-चार वेळा करून बघून ठरवायचं. शिवाय अॅनॅलिटिक सिग्नल (क्षेत्र कुठे किती झपाट्याने बदलतं ते) काढून दोन्ही शेजारी ठेवायचे, जे दोन्हीत एकाच जागी येतं त्यावर जास्त भरवसा. पट्टी लोहखनिजाची असेल तर तिचं स्वतःचं जुनं चुंबकत्वही असू शकतं, मग पोलचं गणितही फसतं, हेही सरांनी लपवलं नाही. ऑयलर डीकन्व्होल्यूशनने खोली काढायला शिकवली तेव्हाही तेच, स्ट्रक्चरल इंडेक्स हा खालच्या वस्तूच्या आकाराचा आकडा, ० म्हणजे कॉन्टॅक्ट (दोन खडकांची हद्द), १ पातळ पत्रा किंवा डाईक (खडकात घुसलेली भिंतीसारखी पट्टी), २ नळकांडं, ३ गोल, आणि एकच डेटा वेगवेगळा इंडेक्स देऊन चालवला की खोली बदलते. म्हणजे खोली सॉफ्टवेअर सांगतंय असं वाटतं, पण अर्धी तुम्हीच सांगून ठेवलेली असते.

खाणीवाल्यांसाठी यात अजून एक गोष्ट आहे. आम्ही जे आयुष्यभर खणलं ते ब्लू डस्ट, भुकटी, हेमॅटाईट. ते फारसं चुंबकीय नाही. चुंबकाला ओढतो तो खालचा न बदललेला मॅग्नेटाईटचा पट्टेदार क्वार्ट्झाईट. म्हणजे मॅग्नेटिकच्या नकाशावर जिथं जोरदार खूण आहे तिथं चांगलं ओअर असेलच असं नाही, उलट जिथं पट्टी चालत आली आणि मध्येच मंदावली तिथं मॅग्नेटाईट बदलून हेमॅटाईट झालेलं असू शकतं. वरच्या चिऱ्यातही (जांभ्यातही) मॅगहेमाईट हे चुंबकीय खनिज असतं, त्याचा बारीक खडखडाट सगळीकडे. वीस वर्षं खाणीच्या कामाला जोडलेला माझा मित्र शेजारी बसला होता, त्याने वही बंद केली आणि म्हणाला, आता आमच्या लीजचा जुना नकाशा परत उघडून बघायला पाहिजे.

आता क्लासच्या उणिवा, त्याही स्पष्ट लिहितो कारण पैसे भरून जाणाऱ्याला माहीत असायला हव्यात. बारा जणांत लायसन्सवाली मशीन सातच, त्यामुळे बहुतेक वेळ जोडीनं बसावं लागतं आणि जोडीदार पटपट चालणारा असेल तर तुमचा हात माऊसवर येतच नाही, सुरुवातीलाच पाळी ठरवून घ्या. छापील नोट्स जुन्या आवृत्तीच्या आहेत, मेनू आता बदललेत, नोट्समध्ये जे तिसऱ्या जागी आहे ते स्क्रीनवर भलतीकडेच. वरचा मजला पत्र्याचा, एप्रिल-मेच्या बॅचमध्ये दुपारी तीन वाजता डोकं चालत नाही. आणि ग्रॅव्हिटी. ग्रॅव्हिटी अर्ध्या दिवसात उरकली, उंचीसाठी फ्री एअरचं ०.३०८६ मिलिगॅल दर मीटरला, मधल्या खडकासाठी बुगेचं करेक्शन, २.६७ घनता, एक उदाहरण, संपलं. सड्यावर आणि दरीत उंचीचा एवढा फरक असताना टेरेन करेक्शनला (आजूबाजूच्या डोंगर-दऱ्यांच्या हिशोबाला) निदान एक पूर्ण दिवस हवा होता. सरांना मी तोंडावर सांगितलं, ते म्हणाले पुढच्या बॅचला सात रविवार करायचा विचार आहे, बघू. सिस्मिक अजिबात नाही. सर्टिफिकेट मिळत नाही, नोकरीला कागद दाखवायचा असेल त्यांनी दुसरीकडे बघावं.

लायसन्सचा प्रश्न सगळ्यांना पडतो. ओॲसिस मोंटाजचं भाडं आमच्यासारख्या एकट्या माणसाला परवडण्यातलं नाही, फिल्टरचे काही भाग वेगळे घ्यावे लागतात, आणि विंडोज लागतं. फुकटचा व्ह्यूअर आहे, त्यात दुसऱ्याने केलेले नकाशे आणि डेटाबेस उघडून बघता येतात, प्रोसेसिंग नाही. म्हणून सरांनी पाचव्या रविवारी फुकटवाल्यांची ओळख करून दिली. नकाशासाठी क्यूजीआयएस, मॅग्नेटिक-ग्रॅव्हिटीसाठी पायथनमधलं हार्मोनिका, रेझिस्टिव्हिटीसाठी (जमिनीत करंट सोडून ती त्याला किती अडवते ते मोजायची पद्धत) पायजिम्ली आणि रेझआयपाय. रेझआयपायला बटणं आहेत, कोड लिहावा लागत नाही, मी घरी आता तेच वापरतो. युनिव्हर्सिटीच्या त्या दोन मुली पायथनवर इतक्या लवकर बसल्या की दुपारनंतर सरांनी त्यांनाच समोर बोलावलं, "बाय, तूच दाखव सगळ्यांना," आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले, वहीत लिहून घेत होते. डेटासाठी जीएसआयचं (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं) भूकोश आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून एनजीडीआर हे सरकारी भूविज्ञान डेटाचं पोर्टलही, गोव्याचा बहुतेक भाग शीट ४८ ई आणि ४८ आय मध्ये येतो. नाव नोंदवून डाऊनलोड करता येतं. नकाशाचा यूटीएम झोन मात्र ४३ उत्तर टाका, आणि जुन्या टोपोशीटवरून आकडे घेतले असतील तर ते एव्हरेस्ट या जुन्या मोजणीच्या आधारावर आहेत, जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ वर आणल्याशिवाय मिसळू नका, लाईनी जागेवरून सरकतात.

रेझिस्टिव्हिटीचा भाग बोरवेलवाल्यांनी तरी चुकवू नये. आपल्याकडे लोक बोलतात शंभर मीटर खोल दिसतं, दीडशे दिसतं. हिशोब साधा आहे, ४८ इलेक्ट्रोड (जमिनीत ठोकायच्या सळ्या) पाच-पाच मीटरवर म्हणजे २३५ मीटर लांब लाईन, वेनर मांडणीने केलं तर दोन इलेक्ट्रोडमधलं सगळ्यात मोठं अंतर ७५ मीटर आणि त्याची खोली साधारण त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे ३९ मीटर, तीही फक्त लाईनच्या मधोमध. कडेला त्याहून खूप कमी. त्याखाली कुणी रंग दाखवला तर तो गणिताने भरलेला. एप्रिलच्या कोरड्या चिऱ्यात इलेक्ट्रोडला करंट लागत नाही, मिठाचं पाणी ओतावं लागतं, नाहीतर तो इलेक्ट्रोड सगळ्या सेक्शनमध्ये तिरक्या रेघा मारतो आणि इन्व्हर्जन (रिडींगवरून जमिनीचं चित्र काढायचं गणित) त्या रेघांचे खडक बनवतं. खाजनाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेताच्या) जवळ खारं पाणी असेल तर करंट सहज जातो म्हणून सगळंच निळं, ते बघून गोडं पाणी म्हणू नका. आणि आरएमएस एरर (गणिताच्या चित्रात आणि रिडींगमध्ये राहिलेला फरक) कमी कमी करत दोनवर आणायच्या नादात तेच गणित दहा-दहा वेळा (इटरेशन) चालवलं की सॉफ्टवेअर नॉईजलाही खडक करतं, कमी एरर बघून खूश व्हायचं नाही.

शेवटच्या रविवारी आपापला डेटा आणायचा असतो. मी वाळपईची ती फाईल नेली. प्रोसेसिंगवाल्याने ती कच्च्यावरच इन्व्हर्ट केली होती, सहा इलेक्ट्रोड खराब होते, ते कुणी काढलेच नव्हते. ते काढले, तीन-चार इटरेशनवर थांबलो. निळा पट्टा तरीही राहिला, १२ ते २० मीटरवर, आडवा, अख्ख्या लाईनभर सारखा. सरांनी विचारलं, तिथं चिऱ्याखाली काय आहे? मी म्हटलं पांढुरकी-जांभळट चिकण माती, शेजारच्या विहिरीत दिसते. म्हणजे उत्तर माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्या मातीत पाणी असतं, म्हणून करंट सहज जातो, म्हणून निळं, पण ती पाणी सोडत नाही. पाणी मिळायचंच असेल तर त्याखालच्या खडकाच्या भेगेत, आणि ती भेग लाईनच्या एका टोकाकडे उभी पुसट दिसत होती, जिथं या मांडणीची खोली पोचत नाही. सर म्हणाले, या लाईनवरून जागा द्यायलाच नको होती, आधी लाईन सरकवून दुसरी घ्यायला हवी होती.

पुढच्या आठवड्यात मी काकांकडे गेलो. दोन्ही सेक्शन छापून नेले, विहिरीच्या काठाला बसलो आणि निळं इथंच का आलं ते सांगितलं. काकांनी विहिरीतली माती हातात घेऊन बघितली, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे तेव्हा सांगितलं असतं तर." खरं होतं. आता पाऊस सरला की तिथं दुसरी लाईन टाकतोय, माझ्या खर्चानं, ते नको म्हणत होते पण मी ऐकलं नाही.

एकूण माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा ग्रॅव्हिटीसाठी आणि जुन्या नोट्ससाठी कापला. आधीपासून थोडंफार फील्डचं काम केलेलं असेल तर जास्त उपयोग होतो, अगदी नवीन असाल तर आधी कुणाबरोबर तरी दोन-चार दिवस मशीन घेऊन फिरून या. पुढची बॅच चवथीनंतर आहे. स्वतःचा लॅपटॉप १६ जीबी रॅमचा असेल तर न्या, म्हणजे जोडीची भानगड राहत नाही, फुकटची सॉफ्टवेअर त्यावर घालून मिळतात. आणि घरात जुना, फसलेला एखादा डेटा पडला असेल तर फील्ड डायरीसकट तो सोबत ठेवा, डायरी नसेल तर सर फाईल उघडत नाहीत.